आयरिश आडनावाचा माग मध्येच तुटतो तेव्हा: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

आधी लक्षणं बघा. यातलं एखादं तरी तुमच्या बाबतीत घडलेलं असेल.

१९०१ आणि १९११ च्या जनगणनेत कुटुंब सापडतं, त्याआधी मात्र त्या आडनावाचं कुणीच दिसत नाही. किंवा बरोबर उलटं: आडनाव टाकलं की पॅट्रिक मर्फींची रांग लागते आणि आपला कोणता ते कळायला मार्ग नसतो. थोरला भाऊ सलिव्हन, धाकटा ओ'सलिव्हन. एकाच बाईचं वय दहा वर्षांत पंधरा वर्षांनी वाढलेलं. मुलाचा बाप्तिस्मा सरकारी जन्मतारखेच्या आठवडाभर आधीच उरकलेला. अमेरिकेतल्या मृत्युदाखल्यावर जन्मस्थळ म्हणून नुसतं 'आयर्लंड'. आणि शेवटी कुणीतरी ऐकवलेलं वाक्य: सगळे कागद १९२२ च्या आगीत गेले, आता नाद सोडा.

माझं सासर कॉर्कचं. तिकडच्या मंडळींची मुळं शोधता शोधता हात बसला, मग ओळखीपाळखीचे विचारू लागले. कुणाचा जावई आयरिश, कुणाच्या पुण्याच्या कॅम्पातल्या शेजाऱ्यांचं आडनाव आयरिश. तक्रारी वेगवेगळ्या असल्या तरी खाली बिघाड बहुतेक एकच निघतो. माणूस आडनाव धरून शोधत बसतो आणि आयर्लंडमधले कागद लावलेले असतात जागेप्रमाणे. म्हणून खालच्या सगळ्या तपासण्यांचा रोख जागा पक्की करण्याकडे आहे. स्वस्त आणि सोपं आधी, खर्चिक शेवटी. मधली पायरी गाळू नका, कारण पुढची पायरी मागचीच्या उत्तरावर उभी असते.

पहिली तपासणी: घरातलेच कागद (खर्च शून्य)

संगणक उघडायच्या आधी घर उघडा. जुन्या फोटोंच्या पाठी, प्रार्थनापुस्तकात खोचलेली श्राद्धपत्रिकेसारखी छोटी स्मरणपत्रं, पाकिटांवरचे पत्ते, थडग्याच्या दगडावरचा मजकूर. परदेशात वारलेल्या आयरिश माणसाच्या दगडावर पुष्कळदा काउंटीबरोबर पॅरिशचंही, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावांच्या गटाचंही, नाव कोरलेलं असतं. अमेरिकेत गेलेल्यांसाठी १९०६ नंतरचे नागरिकत्वाचे कागद बघा. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाच्या मृत्युदाखल्यावर आईबापांची नावं असतात. बोस्टनच्या 'पायलट' या वर्तमानपत्रात १८३१ पासून हरवलेल्या नातलगांच्या शोधाच्या जाहिराती छापून येत, त्यांत गावाचं नाव असे. न्यूयॉर्कच्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेनं, ही १८५० ची, खातेदारांची ओळख पटवायला त्यांचं मूळ गाव आणि नातलग लिहून ठेवले होते. बँकेनं ते केलं स्वतःच्या पैशाच्या काळजीपोटी, पण उपयोग आज आपल्याला.

हे सगळं कशासाठी? 'काउंटी मेयो' एवढ्या माहितीवर काही हलत नाही. हवा आहे तो टाऊनलँड. जमिनीचा हा सर्वांत लहान नाव असलेला तुकडा, कधी पाच घरांचा, कधी एकाही घराचा नाही. देशभरात असे साठ हजारांहून जास्त आहेत. त्यांच्या वर, वाढत्या क्रमाने, सिव्हिल (सरकारी) पॅरिश, बॅरनी, काउंटी. कॅथलिक पॅरिश मात्र वेगळी, तिच्या सीमा सिव्हिल पॅरिशशी जुळतीलच असं नाही. आणि जन्म-मृत्यूची नोंद व्हायची ती गरीब कायद्याच्या युनियनप्रमाणे (गरिबांच्या मदतीसाठी आखलेला विभाग), जी काउंटीची सीमा खुशाल ओलांडते. किलकेनी काउंटीत जन्मलेलं मूल वॉटरफर्डच्या जिल्ह्यात नोंदलेलं असू शकतं. 'आमच्या काउंटीत नाही' असं म्हणून थांबलेल्यांपैकी बरेच इथेच अडकलेले असतात.

आजीच्या तोंडचं गावाचं नाव जसं ऐकलं तसं लिहून घ्या. स्पेलिंग सुधारू नका. लॉगॅनम या सरकारी स्थलनामकोशात आयरिश आणि इंग्रजी दोन्ही रूपं मिळतात, तिथे उच्चारावरून जुळवता येतं.

दुसरी तपासणी: आडनाव मोडून बघा (खर्च शून्य, चिकाटी भरपूर)

आयरिश आडनावांचं इंग्रजीत रूपांतर झालं ते लिहिणाऱ्याच्या कानावर आणि मर्जीवर. सतराव्या-अठराव्या शतकात 'ओ' आणि 'मॅक' पुष्कळांनी टाकून दिले. १८९३ मध्ये आयरिश भाषा टिकवण्यासाठी गेलिक लीग निघाली, आयरिशपणाचा अभिमान पुन्हा जागा झाला आणि ते परत लागायला लागले. त्यामुळे बाप सलिव्हन आणि मुलगा ओ'सलिव्हन यात गूढ काही नाही. शोधताना चारही तऱ्हा करा: ओ नाही, ओ जोडून, ओ नंतर मोकळी जागा, ओ नंतर वरचा स्वल्पविराम. त्या एका टिंबाएवढ्या खुणेपायी शोधयंत्रं अडखळतात. मॅकचंही तसंच. एकोणिसाव्या शतकातल्या छापील याद्यांत तो नुसता एम आणि त्यापुढे उलटा स्वल्पविराम असा येतो. मॅकार्थी सापडत नसतील तर नुसते कार्थी बघा.

आवाज तोच, अक्षरं वेगळी, हेही नित्याचं. किओ हे आडनाव शेवटी जी-एच लावूनही लिहितात आणि एच-ओ-ई लावूनही. रायलीची दोन-तीन रूपं एकाच घरातल्या भावंडांच्या नोंदींत मी बघितली आहेत. त्या काळी स्पेलिंग कुटुंबाच्या मालकीचं नव्हतं. ते पाद्र्याचं नाहीतर कारकुनाचं असे.

खरी गोची होते ती भाषांतरित आडनावांत. कॅव्हनमधले बरेच स्मिथ हे इंग्लंडहून आलेले नाहीत, ते मॅक गव्हन आहेत, लोहाराचे वंशज. त्यातलेच काही मॅकगोवन झाले. कॉनेमारातल्या मॅक कॉनरीचे किंग झाले. वॉर्ड म्हणजे पुष्कळदा मॅक अन वॉर्ड, भाटाचा मुलगा. आडनाव अगदी इंग्रजी वाटतंय म्हणून घराणं इंग्रज ठरवायची घाई करू नका. फिट्झपॅट्रिक नॉर्मन दिसतं, मुळात ते गेलिक मॅक गिला फाड्रिग आहे.

पहिल्या नावांचंही तेच. कॅथलिक नोंदवहीत लॅटिन: जाकोबुस म्हणजे जेम्स, जोआनेस म्हणजे जॉन, गुलिएल्मुस म्हणजे विल्यम. आयरिश नावांना ठरीव इंग्रजी जोड्या होत्या. टाइगचा टिमोथी किंवा थॅडियस, डिअरमिडचा जेरिमाया किंवा डार्बी, डोनलचा डॅनियल. ब्रिजिट घरी डेलिया असते, होनोरा ही नोरा किंवा हॅना. आयरिश भाषेत भरलेल्या जनगणनेच्या अर्जात बायकांच्या आडनावाआधी नी, निक, ई, विक असं काहीतरी येतं. यादी करणाऱ्यानं ते कसं वाचलं असेल ते देवालाच माहीत.

न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवर, जिथे स्थलांतरितांची तपासणी होई, अधिकाऱ्यानं नाव बदललं, ही कथा प्रत्येक घरात आहे. तिच्यावर वेळ घालवू नका. १८९२ पासून तिथले कारकून जहाजावर चढतानाच बनवलेल्या याद्यांवर खुणा करत होते, नावं नव्यानं लिहीत नव्हते. नाव बदललं ते बहुधा माणसानं स्वतः, पुढे कधीतरी.

आपलं आडनाव मुळात कुठलं, याचा अंदाज हवा असेल तर मॅथेसनचा अहवाल बघा. रॉबर्ट मॅथेसन हे आयर्लंडच्या जन्म-मृत्यू नोंदणी खात्यातले अधिकारी. १८९० सालच्या जन्मनोंदी मोजून कोणतं आडनाव कुठल्या काउंटीत किती, हे त्यांनी मांडलं. त्यांच्या अंदाजानं मर्फी ६२,६००, केली ५५,९००, सलिव्हन ४३,६००. सलिव्हन बहुतांश कॉर्क आणि केरीत. मात्र हा अहवाल तुम्हाला दिशा देतो, पुरावा देत नाही. पश्चिम कॉर्कमध्ये सलिव्हन शोधणं म्हणजे कोल्हापुरात पाटील शोधणं. म्हणूनच तिथे एकेका शाखेला टोपणनावं असतात आणि जमिनीच्या कागदांत नावापुढे कंसात बापाचं नाव, 'तांबडा', 'काळा' असलं काही दिसतं. तो कंस नीट उतरवून घ्या. एका गावातल्या तीन जॉन रायनांना वेगळं करणारी ती एकच खूण असते.

तिसरी तपासणी: जनगणना, आडनावाचा रकाना रिकामा ठेवून

१९०१ आणि १९११ च्या जनगणना पूर्ण शिल्लक आहेत आणि राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. आडनावानं सापडत नसेल तर जागेनं जा: काउंटी, मग निवडणूक विभाग, मग टाऊनलँड, मग एकेक घर. टाऊनलँड लहान असेल तर सगळी घरं तासाभरात वाचून होतात आणि शेजारी कोण तेही कळतं. पुढे बाप्तिस्म्याचे साक्षीदार याच शेजाऱ्यांतून निघतात. काउंटीची जुनी नावं लक्षात ठेवा: ऑफली तेव्हा किंग्ज काउंटी, लीश म्हणजे क्वीन्स काउंटी, कोव्ह बंदर म्हणजे क्वीन्सटाउन.

१९११ च्या अर्जात एक रकाना आहे, तो चुकवू नका. लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, त्यातली आज किती हयात. प्रश्न फक्त सधवांसाठी होता. विधवांनीही भरला आणि गणकानं त्यावर रेघ मारली. ती रेघ बारीक असते, खालचे आकडे सहज वाचता येतात. नऊ जन्मली, पाच हयात असं दिसलं की चार मृत्युनोंदी शोधायच्या आहेत, किंवा त्या चौघांचे जन्म तरी.

वयाचा घोळ? १९०८ साली वार्धक्य निवृत्तिवेतनाचा कायदा झाला, सत्तरीपुढच्यांना जानेवारी १९०९ पासून आठवड्याला पाच शिलिंग. जन्मनोंदी १८६४ पासूनच्या, म्हणजे सत्तरीच्या माणसाकडे दाखला नाहीच. १९११ मध्ये वयं उडी मारतात ती बरीचशी यामुळे. १९०१ चं वयही फारसं विश्वासाचं नाही, पण दोन्हींत निवडायचं तर मी आधीचं धरते.

याच निवृत्तिवेतनामुळे एक भलतंच घबाड हाती लागलं. वय सिद्ध करायला लोकांनी १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत आपलं घर शोधून देण्यासाठी अर्ज केले. मूळ जनगणना जळल्या, अर्ज वाचले. त्यांवर आईबापांची नावं, टाऊनलँड आणि कारकुनाला काय सापडलं ते लिहिलेलं आहे. तेही त्याच संकेतस्थळावर फुकट. लोक इकडे वळतच नाहीत.

आगीबद्दल थोडं

३० जून १९२२ ला, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातलं अभिलेखागार उडालं. जळकी पानं शहरभर उडत होती. त्यात १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचा बहुतेक भाग, मृत्युपत्रं आणि चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून अधिक नोंदवह्या गेल्या. पण १८६१ आणि १८७१ च्या जनगणना सरकारनं आधीच नष्ट केल्या होत्या आणि १८८१, १८९१ च्या पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईत लगद्यात गेल्या. त्यांचा दोष आगीला नको. कॅथलिक नोंदवह्या तिथे नव्हत्याच, त्या आपापल्या पॅरिशमध्ये होत्या. जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदी आणि ग्रिफिथचं जमिनींचं मूल्यांकनही (त्याबद्दल सहाव्या तपासणीत) सुखरूप आहे. म्हणजे सामान्य कॅथलिक कुळाच्या, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडानं कसणाऱ्याच्या, घराण्याचं आगीत फार मोठं नुकसान झालेलं नाही, जनगणना सोडल्या तर.

चौथी तपासणी: सरकारी नोंदी

सगळे जन्म, मृत्यू आणि विवाह १ जानेवारी १८६४ पासून. कॅथलिक नसलेल्यांचे विवाह १ एप्रिल १८४५ पासून. आयरिश जीनिऑलॉजी या सरकारी संकेतस्थळावर मूळ पानांची चित्रं फुकट बघता येतात: जन्म शंभर वर्षांपूर्वीचे, विवाह पंचाहत्तर, मृत्यू पन्नास. यादीतल्या एका ओळीवर समाधान मानू नका, चित्र उघडा. जन्मनोंदीत आईचं माहेरचं आडनाव, टाऊनलँड आणि माहिती कुणी दिली ते असतं. विवाहनोंदीत दोघांच्या वडिलांची नावं आणि धंदा. मृत्युनोंद सर्वांत दरिद्री: आईबापांची नावं नाहीत, वय अंदाजे. तिथे कामाचं नाव माहिती देणाऱ्याचं, तो बहुधा मुलगा नाहीतर सून असते.

बाप्तिस्मा जन्माच्या आधी कसा? नोंदणीची मुदत टळली की दंड होता. लोक नोंदवायला उशिरा जात आणि तारीख पुढे ढकलून सांगत. दोन्हींत फरक पडला तर पाद्र्याची तारीख खरी धरा.

पाचवी तपासणी: कॅथलिक नोंदवह्या

साधारण १८८० पर्यंतच्या, हजाराहून अधिक पॅरिशच्या वह्यांची चित्रं राष्ट्रीय ग्रंथालयानं २०१५ पासून फुकट ठेवली आहेत. पॅरिशच्या नकाशावरून आत जायचं. शहरांतल्या काही वह्या अठराव्या शतकातल्या, पश्चिमेकडच्या बऱ्याच १८२० नंतरच्या, काही त्याहून उशिराच्या. आपली वही कधी सुरू होते ते आधी बघा, म्हणजे नसलेलं पान शोधण्यात आठवडे जाणार नाहीत.

पानं काळपट, शाई पसरलेली, अक्षर घाईचं. युक्ती एकच: एका पाद्र्याच्या हातची आठ-दहा पानं सलग वाचा, अक्षर लागतं. नोंदीत आई माहेरच्या आडनावानं येते, आणि हा आयरिश कागदांचा मोठाच फायदा. मागे दोन साक्षीदार. एकाच जोडप्याच्या सगळ्या मुलांचे साक्षीदार एका कागदावर मांडा. त्यांत आईचे भाऊबहीण हमखास दिसतात. लग्न बहुधा मुलीच्या पॅरिशमध्ये होई, तेव्हा वराच्या गावात सापडलं नाही म्हणजे झालंच नाही, असं नाही.

पहिल्या मुलाला आजोबांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, अशी प्रथा होती. अंदाज बांधायला ठीक. तेवढ्यावर पिढी जोडू नका.

सहावी तपासणी: जमिनीचे कागद

रिचर्ड ग्रिफिथनं १८४७ ते १८६४ मध्ये देशभरातल्या जमिनी-घरांचं मूल्यांकन केलं. फुकट मिळतं, नकाशासकट. नोंदीतला आकडा आणि बारीक अक्षर नकाशावर जुळवलं की घर नेमकं कुठे उभं होतं ते कळतं. पण यात फक्त कब्जेदाराचं नाव असतं. वय नाही, बायको नाही, मुलं नाहीत. 'आमचा जॉन सापडला' म्हणून लोक इथेच उडी मारतात. तो जॉन कुणाचा हे ग्रिफिथ सांगत नाही.

ते सांगतात पुढची दुरुस्तीपुस्तकं. कब्जेदार बदलला की जुन्या नावावर रेघ, वर नवं नाव, कडेला साल, आणि दर फेरीला वेगळ्या रंगाची शाई. १८८७ च्या आसपास जॉन खोडून मायकल आला असेल, आडनाव तेच असेल, तर १८८५ ते १८८७ मध्ये जॉनची मृत्युनोंद शोधा. सापडली नाही तर तो परदेशी गेला असेल. असा एकच तुकडा १९११ च्या मायकलपासून १८५० च्या जॉनपर्यंत पूल बांधतो. उत्तर आयर्लंडची पुस्तकं बेलफास्टच्या सरकारी अभिलेखागारानं फुकट उघडली आहेत, बाकीची डब्लिनला बघावी लागतात. ग्रिफिथच्या आधी १८२३ ते १८३७ च्या, चर्चसाठी घेतल्या जाणाऱ्या दशमांश कराच्या वह्या. शेतजमिनीवाल्यांचीच नावं त्यात, शहरं नाहीत.

शाखा भारतात आली असेल तर

१८३० च्या सुमारास ब्रिटिश सैन्यात शंभरात चाळीसहून जास्त आयरिश होते. खडकी, पुणे, अहमदनगर, देवळालीच्या छावण्यांतल्या कुटुंबांत आयरिश आडनावं त्यामुळे. कंपनीची बॉम्बे फ्युझिलियर्स पुढे १०३ वी रेजिमेंट झाली आणि १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सची दुसरी बटालियन. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, विवाह, दफनं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, १७०९ पासूनची. पण खरा दुवा लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात: निवृत्त शिपायाचे सेवामुक्तीचे कागद. त्यात जन्मपॅरिश लिहिलेली असते. ती मिळाली की वरच्या पहिल्या तपासणीचं उत्तर मिळालं, तिथून परत खाली या.

सातवी तपासणी: पैसे मोजून

इथवर सगळं करूनही अडलंत तर काउंटीच्या वारसा केंद्रांनी बनवलेल्या रूट्स आयर्लंडचं एक महिन्याचं सदस्यत्व घ्या. वर्षाचं नको. आपल्या प्रश्नांची यादी आधी करून ठेवा, मग घ्या. डीएनए चाचणीनं कागद सापडत नाहीत, पण त्याच टाऊनलँडातून निघालेले चौथ्या पिढीचे चुलतभाऊ सापडतात आणि त्यांच्याकडे पत्रं असू शकतात. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाची चाचणी करा, तुमची नंतर.

थांबा, आणि माणूस बोलवा

पॅरिशची वही सुरू होण्याआधीच्या काळात पोचलात आणि घराणं साध्या कुळांचं असेल, तर बहुतेकदा तिथे कागदच नाहीत. हजार वर्षांपूर्वीच्या ब्रायन बोरू राजापर्यंत वंशावळ लावून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. घराण्याकडे जमीन भाडेपट्ट्यानं असेल तर मात्र १७०८ पासूनचं डब्लिनचं दस्त नोंदणी कार्यालय आहे. तिथल्या सूच्या आणि दस्तांची भाषा सवयीशिवाय उलगडत नाही. हे काम व्यावसायिकाचं.

आयरिश नागरिकत्वासाठी शोधत असाल आणि आजीआजोबांचा आयर्लंडमधला जन्म सिद्ध होण्याइतके दाखले जमले असतील, तर अजून मागे जाण्यात अर्थ नाही. नावांत तफावत असेल तर वकिलाला दाखवा, स्वतः प्रतिज्ञापत्रं रचत बसू नका. दत्तकाचं प्रकरण निघालं तर त्याच क्षणी घरगुती शोध थांबवा. २०२२ च्या जन्ममाहिती आणि शोध कायद्याखाली टुस्ला ही सरकारी बालक-कुटुंब संस्था आणि दत्तक प्राधिकरण हे काम रीतसर करतात, आणि समोर जिवंत माणसं असतात.

व्यावसायिक हवा असेल तर अ‍ॅक्रेडिटेड जीनिऑलॉजिस्ट्स आयर्लंड या १९८६ पासूनच्या संघटनेची यादी बघा. तासांवर पैसे घेतात, म्हणून देताना एकच पान द्या: टाऊनलँड, दोन्ही पॅरिश, युनियन, तपासलेल्या वह्या आणि त्यांची सालं, आणि कुठे काही मिळालं नाही ते. शेवटची ओळ लोक लिहीत नाहीत, आणि मग त्याच रिकाम्या वह्या पुन्हा तपासायचे पैसे भरतात.